मूळचे कुठले?

गेले दोन महिने भाच्याचा फोन आला की मी विषय बदलतो. पावसाचे विचारतो, त्याच्या कामाचे विचारतो, त्याच्या आईच्या गुडघ्यांचे विचारतो. त्याला मात्र एकच हवे असते. "मामा, फिल्म बघितलीत ना? कशी वाटली?" बघितली. चारदा बघितली. कशी वाटली ते फोनवर सांगायला धीर होत नाही, म्हणून इथे लिहितो आहे. माझे लिखाण तो न चुकता वाचतो. (त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकाही काढतो, म्हणजे आता फिटंफाट.)

आधी नाते सांगतो, नाहीतर पुढचे कळायचे नाही. माझी एक चुलत बहीण आहे, आमच्याबरोबर फोंड्यात वाढलेली. तिचे यजमान बँकेत नोकरीला होते, बदली होऊन फोंड्याला आले, इथेच लग्न जमले आणि काही वर्षांनी ती त्यांच्या गावी, किनवटला गेली. नांदेड जिल्ह्याचे हे अगदी टोक. "खंय दिली गे ती चली?" असे आमची आजी कितीतरी दिवस म्हणत असे. तिच्या नकाशात सावंतवाडीच्या पुढे फक्त पंढरपूर होते.

भाचा पुण्यात शिकला. लग्नांचे व्हिडिओ काढून पोट भरतो आणि उरलेल्या वेळात 'स्वतंत्र चित्रपट दिग्दर्शक' असतो. स्वतंत्र म्हणजे ज्याला अजून निर्माता मिळालेला नाही. चोवीस मिनिटांचा हा माहितीपट त्याने स्वतःच्या पैशांनी केला आहे. विषय त्याच्याच घरातला. किनवटच्या आजोबांचे थोरले भाऊ गेली सत्तरेक वर्षे सीमेपलीकडे, तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, बाजारहत्नूर नावाच्या गावी राहतात. तीन पिढ्या तिथे झाल्या. घरात मराठी, बाजारात तेलुगू, जुन्या माणसांच्या कागदावर उर्दू. ही माणसे कोण, कुठली, हे त्याने विचारले आहे.

त्या घरी मीही गेलो आहे. २०२३ च्या डिसेंबरात किनवटला लग्न होते, ते आटोपून आम्ही जीपने निघालो. आदिलाबादवरून हमरस्त्याने गुडीहत्नूर मागे टाकायचे आणि मग आत वळायचे. तेलंगणाची निवडणूक नुकतीच झाली होती, भिंतींवर तेलुगू अक्षरे अजून ओली वाटत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस. आमच्या डोळ्यांना भाताची सवय. एवढे पांढरे रान बघून मी उगाच गप्प झालो.

थोरले आजोबा अंगणात बाजेवर बसले होते. पंच्याऐंशीच्या घरातले, कान तल्लख. पाणी आले, चहा आला, आणि मग त्यांनी मला विचारले, "गाव कोणतं तुमचं?"

"गोवा."

"ते झालं हो. मूळचे कुठले?"

आता बघा, हा प्रश्न मी रोज दुसऱ्यांना विचारतो. तालुक्याच्या कचेरीत माझ्या टेबलावर रहिवासी दाखल्यांचे अर्ज येतात. गोव्यात सरकारी नोकरीला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, तलाठ्याचा अहवाल, सगळे जोडून माणूस समोर उभा राहतो आणि मी पाने उलटीत म्हणतो, "मूळचे कुठले?" इतकी वर्षे झाली, पण मला कोणी हा प्रश्न विचारल्याचे आठवत नाही. टेबलाची दुसरी बाजू कशी असते ते मला बाजारहत्नूरच्या त्या अंगणात कळले.

मी आपला सांगत सुटलो. फोंडा म्हणजे अंत्रुज महाल, पण आमचे घराणे मूळ साष्टीतले. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी साष्टीतली देवळे पाडली तेव्हा देव नदी ओलांडून इकडे आले. मंगेश कुठ्ठाळीचा, तो प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीची, ती कवळ्याला आली. म्हाळसा वेर्ण्याची, ती म्हार्दोळला. देवांमागोमाग माणसे.

म्हातारा ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे तुमचे देव पण पाव्हणेच की!"

सगळे हसले, मीही हसलो. पण ते वाक्य माझ्याबरोबर गोव्यापर्यंत आले.

आता फिल्मकडे वळतो. सुरुवात आगगाडीच्या खिडकीतून होते. बाहेरचे रान पळते आहे, माणूस कोणीच दिसत नाही, फक्त खाली अक्षरे उमटतात. भाच्याने मला आधीच सांगून ठेवले होते की ही कल्पना त्याला मिको रेव्हेरेझा नावाच्या फिलिपिनो दिग्दर्शकावरून सुचली. मी बापडा बी.ए. इतिहासवाला, मला कुठला फिलिपिनो सिनेमा ठाऊक! पण त्याने बघायला लावला आणि बघून मला त्या दिग्दर्शकाविषयी फार आदर वाटला.

हा रेव्हेरेझा मनिलात जन्मलेला. लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेला आणि तिथे वीसेक वर्षे कागदपत्रांविना वाढला. शाळा, मित्र, भाषा सगळे अमेरिकेचे. फक्त कागद नाही. 'नो डेटा प्लॅन' हा त्याचा २०१९ चा चित्रपट. लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला तो आगगाडीने जातो आणि डब्यातून चित्रीकरण करतो. खिडक्या, रिकाम्या सीटा, फलाट, डब्यातले दिवे. स्वतःचा चेहरा जवळजवळ दाखवतच नाही. घरची कहाणी आवाजातून आणि खालच्या अक्षरांतून हळूहळू कळत जाते. त्याच वर्षी त्याने अमेरिका सोडली, परतीची वाट बंद होणार हे ठाऊक असून. पुढे २०२३ साली 'नोव्हेअर निअर' आला, त्यात तो फिलिपिन्समध्ये आपल्या घराण्याची मुळे शोधत फिरतो.

आता माझे म्हणणे ऐक रे भाच्या. रेव्हेरेझाने चेहरा लपवला तो शैली म्हणून नव्हे. त्याच्या देशात, म्हणजे ज्याला तो आपला देश समजत होता तिथे, आगगाडीत चढून कागद विचारणारे पोलीस असतात. चेहरा दिसणे हाच त्याला धोका होता. त्याचे चित्रण त्या भीतीतून आले आहे. तुझ्या खिशात आधार कार्ड आहे, नांदेड जिल्ह्याचे रेशनकार्ड आहे, सीमेवर तुला कोणी हटकत नाही. किनवटहून आदिलाबादला तू चहा प्यायला जाऊन येतोस. मग त्या खिडकीतली हुरहूर कोणाची? ती तू उसनी आणलीस. उसने आणलेले दागिने लग्नात खपून जातात, हे तुला धंद्यामुळे ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट 'स्थलांतर' ह्या शब्दाची. फिल्मच्या पहिल्या पाच मिनिटांत तो शब्द तीनदा येतो. आजोबांचे वडील 'महाराष्ट्रातून तेलंगणात स्थलांतरित झाले' असे तू म्हणतोस. ते कधी गेले? त्या अंगणात आजोबांनीच सांगितले, निजाम गेल्यावर दोनेक वर्षांनी. म्हणजे १९५० च्या आसपास. तेव्हा महाराष्ट्र नव्हता नि तेलंगणही नव्हते. हैदराबाद राज्य होते, त्यात आदिलाबाद जिल्हा होता आणि किनवट हे त्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. बापाने थोरल्या मुलाला घेऊन किनवटहून बाजारहत्नूरला बिऱ्हाड हलवले, धाकटा आईबरोबर मागे राहिला. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात. आमच्याकडे कोणी पेडण्याहून सत्तरीला राहायला गेला तर त्याला स्थलांतरित म्हणत नाहीत, फार तर वेडा म्हणतात.

मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. राज्यपुनर्रचना झाली. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले, पण त्यातले किनवट काढून नांदेडला जोडले आणि ते मुंबई राज्यात आले. राजुऱ्याकडचा भागही असाच तिकडून इकडे आला. दोन भाऊ रात्री एका राज्यात झोपले आणि सकाळी दोन राज्यांत उठले. थोरला तेव्हा अठराएक वर्षांचा. पुढे २ जून २०१४ ला तेलंगण झाले. म्हातारा बाजेवरून उठला नाही आणि त्याची तीन राज्ये झाली. चालत गेला तेव्हा तो स्थलांतरित नव्हता. घरात बसून राहिला तेव्हा झाला.

ही गोष्ट फिल्ममध्ये कुठेच नाही! सीमेवर आजही एकाच गावावर दोन राज्यांचा हक्क अशी उदाहरणे आहेत. पूर्वेकडे जिवती तालुक्यात बारा गावे आहेत, महाराष्ट्र म्हणतो आमची, तेलंगण म्हणते आमची, आणि लोक दोन्हीकडची कार्डे बाळगून आहेत. एका कारकुनाला ह्याहून चित्तथरारक कथा दुसरी कुठली सुचणार? तुझ्याकडे ती घरातच होती आणि तू ड्रोन उडवून कापसाची शेते दाखवत बसलास.

आम्हां गोवेकरांना हे जास्त कळायला हवे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ती रेघ आमच्यावरूनही जायची होती. गेली नाही. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ मते पडली, बाजूने १,३८,१७०. कोणाचे बरोबर, कोणाचे चूक, तो वाद मी इथे काढत नाही. आमच्या घरातच दोन्हीकडची मते होती आणि जेवणाच्या पाटावर भांडण होत असे. पण त्या दिवसापासून माझ्यासारख्या मराठीत लिहिणाऱ्या गोवेकराला दोन्हीकडून तोच प्रश्न येतो. मुंबईत विचारतात, "गोव्याचे? मग घरी कोंकणी असेल ना, मराठी कशी काय?" इथे विचारतात, "मराठी? म्हणजे तुम्ही तिकडचे?" मी कवळ्याच्या देवळात वाढलो, भजन मराठीत म्हटले, भांडलो कोंकणीत. त्याचा दाखला कुठल्या टेबलावर मिळतो?

असो. आता तिसरी गोष्ट. सगळ्यात कठीण तीच आहे, आणि तिच्यामुळेच मी दोन महिने टाळाटाळ केली.

फिल्मच्या सतराव्या मिनिटाला एक म्हातारी येते. आजोबांच्या शेतातून डोक्यावर कापसाचे गाठोडे घेऊन ती कॅमेऱ्याच्या अंगावर चालत येते, थांबते, कोणाला तरी उद्देशून काहीतरी बोलते आणि निघून जाते. जेमतेम सहा सेकंद. बाकी सगळ्या तेलुगू बोलण्याखाली तू मराठी अक्षरे दिली आहेस. तिच्या बोलण्याखाली काहीच नाही. मी तुला फक्त एवढेच विचारले होते, ती काय म्हणते? तू म्हणालास, "मामा, ती गोंडी बोलते. मला गोंडी येत नाही. व्हिज्युअल चांगलं होतं म्हणून ठेवलं."

व्हिज्युअल!

अरे, आदिलाबाद हा गोंडांचा मुलूख आहे. गोंड, कोलाम, परधान, नायकपोड, थोटी. केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, मेश्राम कुळाची. जोडेघाटला कुमरम भीम १९४० साली निजामाच्या पोलिसांशी लढताना मारला गेला. 'आर आर आर' सिनेमात नाचतो तो हाच बरे, पण खरा भीम नाचला नव्हता. जंगल आणि जमीन हातची जात होती म्हणून उठला होता. आणि जमीन कोणाच्या हातात जात होती? सावकारांच्या, जमीनदारांच्या, आणि बाहेरून आलेल्या कष्टाळू शेतकऱ्यांच्या. तुमच्या-आमच्यासारख्या.

भीम गेल्यावर निजाम सरकारला कारणे जाणून घ्यावीशी वाटली आणि हे काम क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्या मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. ह्या गृहस्थाची कथाही कारकुनांनी वाचावी अशी आहे. जन्माने ऑस्ट्रियन. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते भारतात होते आणि ऑस्ट्रिया हिटलरने गिळल्यामुळे पासपोर्ट जर्मन होता. इंग्रजांनी त्यांना शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरवले आणि हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहायला लावले. कागद चुकीचा निघाला म्हणून माणूस आदिलाबादच्या जंगलात पोचला! पत्नी बेट्टीसह ते मार्लवाईत गोंडांमध्ये राहिले. तिथे गोंड शिक्षक तयार करायची शाळा काढली. गोंडी भाषेची पहिली पाठ्यपुस्तके निघाली ती देवनागरीत, हे वाचले तेव्हा मला आपल्या लिपीचा उगाच अभिमान वाटून गेला. त्यांच्या खटपटीने १९४९ पर्यंत सुमारे एक लाख साठ हजार एकर जमिनीचे पट्टे आदिलाबादच्या आदिवासींच्या नावे झाले.

हायमेनडॉर्फ यांनी फोटो काढले, फिल्मा घेतल्या, जाडजूड ग्रंथ लिहिले. चाळीसेक वर्षे ते परत परत येत राहिले. बेट्टी १९८७ साली गेल्या, त्यांची समाधी मार्लवाईत आहे. ते स्वतः १९९५ साली लंडनला वारले आणि पुढे २०१२ साली त्यांची रक्षाही तिथेच आणली गेली. मूळचे व्हिएन्नाचे. आताचे मार्लवाईचे.

ह्या माणसाने १९८२ साली भारतातल्या आदिवासींवर जे पुस्तक काढले त्यात आदिलाबादचे काय झाले ते लिहून ठेवले आहे. पट्टे मिळालेली जमीन पुढे कशी निसटली, रस्ते झाल्यावर बाहेरचे कसे आले. १९७६ च्या कायद्याने तेव्हाच्या आंध्रात लंबाड्यांना, म्हणजे आपल्या बंजाऱ्यांना, अनुसूचित जमातीत घेतले. महाराष्ट्रात ते त्या यादीत नव्हते. साहजिकच सीमेपलीकडे गेले की फायदा, म्हणून कितीतरी तांडे हलले. गोंडांना वाटले, आमच्या ताटात वाटेकरी आले. २० एप्रिल १९८१ ला इंद्रवेल्लीला जमलेल्या गोंडांवर पोलिसांचा गोळीबार झाला, सरकारी आकड्याने तेरा मेले, लोक पुष्कळ जास्त सांगतात. २०१७ साली गोंड आणि लंबाडे समोरासमोर उभे राहिले, जाळपोळ झाली. आणि २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्रातल्या बंजाऱ्यांनी हैदराबाद गॅझेट दाखवून हाच दर्जा मागत मोर्चे काढले. बंजारा काही श्रीमंत नव्हे. कळंगुटच्या वाळूवर मण्यांच्या माळा विकणाऱ्या लमाणी बायका आपण पाहतोच. गरीबच गरिबाच्या दाराशी जाऊन उभा राहतो. कायद्याने आखलेल्या रेघेच्या एका बाजूला तोच माणूस आदिवासी आणि दुसऱ्या बाजूला नाही, ह्याचा निवाडा मी करू शकत नाही. पण हे सगळे त्या म्हातारीच्या सहा सेकंदांत होते.

हायमेनडॉर्फ यांच्या लेखनात बाहेरून आलेला मराठी शेतकरी दिसतो तो बहुतेक जमीन घेणारा म्हणून. त्याला चेहरा नाही, आजी नाही, बाज नाही. तू त्याला चेहरा दिलास, हे तुझे मोठे काम. आजोबा आपल्या मराठी शाळेचे तेलुगू शिक्का मारलेले प्रमाणपत्र दाखवतात, सून भाकरी थापता थापता मुलीशी तेलुगूत बोलते आणि नवऱ्याशी मराठीत, नात म्हणते की मला स्वप्ने कुठल्या भाषेत पडतात ते आठवत नाही. ही दृश्ये मी विसरणार नाही. पण मानववंशशास्त्रज्ञाने तुझ्या आजोबांना जसे चेहऱ्याविना ठेवले, तसेच तू त्या म्हातारीला ठेवलेस. फरक एवढाच की ती पडद्यावर दिसते.

तुझ्या घरातून ह्या प्रश्नाला वाट नव्हती असेही नाही. मी स्वतः त्या दिवशी आजोबांना सहज विचारले होते, "ही जमीन तुमच्या वडिलांनी घेतली ती कोणाकडून?" ते म्हणाले, "एका देशमुखाकडून खंडानं." मी म्हटले, "आणि त्याच्या आधी?" आजोबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला आणि सुनेला हाक मारली, पाव्हण्यांना अजून चहा ठेव. तू तिथेच होतास. कॅमेरा तुझ्या हातात होता, तांबडा दिवा लागलेला मी पाहिला. म्हणजे ते चित्रण तुझ्याकडे आहे. फिल्ममध्ये ते नाही.

का काढलेस? आजोबांचा मान राहावा म्हणून? मला पटते. आपल्या माणसांकडे कॅमेरा वळवणे सोपे नसते. पण मग आनंद पटवर्धनांची 'वसुधैव कुटुंबकम' बघ, २०२३ ची. बाबरी मशिदीवर, अणुबॉम्बवर, झोपडपट्ट्यांवर माहितीपट करणारा हा माणूस तिथे आपल्याच म्हाताऱ्या आईबापांचे घरगुती चित्रण घेऊन बसतो. वडिलांचे घर मराठी, अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धन हे काका. आई निर्मला सिंधमधल्या हैदराबादच्या, मातीची भांडी घडवणाऱ्या कलावंत. फाळणीत त्यांचे गाव परदेश झाले. वर्षानुवर्षे घेतलेले हे चित्रण आहे. त्याला घाई नाही आणि कोणी कॅमेऱ्यासाठी बसलेले वाटत नाही. आईबाप एकमेकांची चूक काढतात, विसरतात, थट्टा करतात. ह्याच पटवर्धनांनी १९८१ साली कॅनडातल्या भारतीय शेतमजुरांवर 'अ टाइम टू राइज' केला होता. परक्या मुलखात गेलेली आपली माणसे, पण तो चित्रपट आठवणींचे गळे काढत नाही. मजुरी किती, फवारणीचे औषध अंगावर पडते तेव्हा काय होते, कंत्राटदार किती कापून घेतो, हे विचारतो. आणि कंत्राटदार पुष्कळदा त्यांच्याच समाजातला असतो.

माझे मत विचारशील तर ते हे. परक्या ठिकाणी वसलेल्या घराला 'तुम्ही कोण' असे विचारले की ते भाषा सांगते, सण सांगते, भाकरी दाखवते. ते खोटे नसते, पण ते पाहुण्यांसाठी काढून ठेवलेले ताट असते. त्या घराचे त्या जागेशी खरे नाते काय आहे ते शेजाऱ्याला ठाऊक असते. शेतावरच्या गड्याला ठाऊक असते. ते सातबाऱ्यात असते, किंवा तिकडे जे काही म्हणतात त्या उताऱ्यात. रेव्हेरेझाला हे नीट कळले होते, म्हणून त्याच्या घरातल्या गोष्टी कागद, फोन, पोलीस ह्यांच्याभोवती फिरतात. तू त्याची खिडकी घेतलीस आणि कागद सोडून दिलास.

हे लिहिताना मी माझ्याच अंगणात पाय अडकवून घेतो आहे, ते मला कळते. गोव्यात आपण येता-जाता 'भायले' म्हणतो. बांधकामावरचा बिहारी भायला, मासळी विकणारा कानडी भायला, फ्लॅट घेणारा दिल्लीकर तर महाभायला. त्यातले काही रागाचे खरेही आहे. डोंगर कापले जातात ते डोळ्यांदेखत. पण माझे देव साष्टीतून अंत्रुजात आले तेव्हा इथे जे गावडे, कुणबी, वेळीप होते, त्यांनी आम्हांला काय म्हटले असेल? त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडावे लागले. त्यांचे अर्ज माझ्या टेबलावर येतात. त्यांना 'मूळचे कुठले' विचारताना माझी जीभ अलीकडे अडखळते. फॉर्ममध्ये रकाना आहे, विचारावे तर लागतेच.

परवा शेवटी मी भाच्याला फोन केला आणि एवढेच सांगितले, त्या सहा सेकंदांचा आवाज तेवढा आजोबांना ऐकव. आजोबांना गोंडी येते. त्या पिढीतल्या सगळ्यांना येत होती, शेतात कामच त्या भाषेत चाले. पुढच्या पिढीला अर्धीमुर्धी, तिच्या पुढच्या पिढीला नाही.

रात्री त्याचा मेसेज आला. आजोबांनी फोन कानाला लावून दोनदा ऐकले म्हणे. ती म्हातारी सुनेला विचारत होती, "किती भरला?" कापूस वेचायची मजुरी किलोवर असते. तिने दिवसभर वेचला होता आणि तिला वजन हवे होते. आजोबा तिला नावाने ओळखतात. तिच्या सासऱ्यालाही ओळखत होते, आणि तो कोणत्या वावरात राबायचा ते सांगता सांगता मध्येच थांबले, असे भाच्याने लिहिले आहे.

येत्या वेचणीला तो परत बाजारहत्नूरला जाणार आहे. ड्रोन नेणार नाही म्हणाला. भाड्याचे पैसे वाचतात, हे कारण त्याने दिले.